आजाराचा आकडा

बाई, काल मी नातीला तुमच्याबद्दल सांगत होते. ती पुण्यात मेडिकल कोडिंग करते. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद संगणकावर वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला आकडा द्यायचा. एकेका मजल्यावर शेकडो मुलं-मुली हेच करतात, सारखी भरती चालू असते, आणि आता निम्मं काम यंत्रच करायला लागलंय म्हणून सगळी धास्तावलेली. मी म्हटलं, नगरच्या आमच्या दवाखान्यात या कामाला दोघीच होतो, आणि आकड्यांचं एक जाड पुस्तक. तिला ते खरंच वाटेना.

ते पुस्तक तुम्ही मला शेजारी बसवून शिकवलंत. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांचं अक्षर लागेना म्हणून मी अंदाजाने आकडा टाकला, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "माणूस गेलं की सरकारदरबारी त्याचं एवढंच उरतं. अंदाज करायचा नाही." मी रडवेली झाले होते. दुपारी तुम्ही मला घरी नेलंत आणि चुलीपुढे बसवून तुमच्यातली अर्धी भाकरी वाढलीत, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची. बहात्तरच्या दुष्काळाचं साल होतं, दुसरं धान्य होतं कुठे.

मग जामखेडकडची माणसं यायला लागली. मुलंच जास्त. मेलेल्या मुलांच्या कागदांवर डॉक्टर जुलाब लिहीत, आपण जुलाबाचा आकडा टाकत होतो. एके सकाळी दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक आई मुलाच्या मृत्यूचा दाखला न्यायला खिडकीशी उभी आहे. हातांवर दगडाची धूळ तशीच. जुलाब कधीपासून होते, असं मी विचारते. ती म्हणते, "जुलाब शेवटाला झालं, ताई. त्याच्या आदी पोटात काय हुतंच कुटं?"

तुम्ही तो कागद घेऊन उठलात. मी तुमच्या मागोमाग आले. डॉक्टर तरुण होते, थकलेले. त्यांनी तुमचं ऐकून घेतलं, कागद परत तुमच्या हाती दिला आणि म्हणाले, मूळ कारण उपासमारच आहे, तसंच लिहा, सही मागाहून करतो. तुम्ही लिहिलंत. त्या महिन्यात तसे आणखी काही कागद झाले. सह्या राहूनच गेल्या. मग वरून विचारणा आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, मी असं काही बोललोच नव्हतो.

तुम्हाला चादरी-पांघरुणांच्या कोठीत पाठवलं. तुमची खुर्ची मला मिळाली, आणि दुष्काळ सरेपर्यंत मी जुलाबच लिहीत राहिले. दोनेक वर्षांनी तुम्ही गेलात, आणि तुमचाही कागद माझ्याच टेबलावर आला. त्यावर क्षय लिहिलं होतं. मी क्षयाचा आकडा टाकला आणि पुढचा कागद ओढला.

नात म्हणाली, आमच्यात नियमच आहे, डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर ते झालंच नाही असं धरायचं. तिला जे सांगितलं नाही ते इथे लिहिते, हा कागद कुणाच्या हाती पडायचा नाही म्हणून. तुम्हाला कोठीत पाठवण्याआधी मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं होतं. डॉक्टर उपासमार लिहा म्हणाले तेव्हा तू तिथे होतीस का, एवढंच विचारलं. बाई, मी नव्हते म्हणाले.