दमबंदचं शेवटचं पान

अप्पा, उद्या दमबंदचा सिनेमा लागतोय. ठाण्यात दोन ठिकाणी, कल्याणला एका ठिकाणी, आणि डोंबिवलीत दुपारी बाराचा एकच खेळ, म्हणजे ज्या वेळी डोंबिवलीत सिनेमाला जायला कोणी मोकळं नसतं. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंत, "कोण बघणार गं त्याला?" गेली तीन वर्षं सगळे मला हेच विचारतायत, फक्त त्यांच्या विचारण्यात तुमची माया नसते. ज्याचं नाव घेतलं की लोक "कोण?" म्हणतात, अशा चित्रकथेतल्या नायकाच्या खांद्यावर अख्खा सिनेमा पेलेल का? मी सगळ्यांना पेलेल म्हणून सांगितलं. आज गुरुवार आहे, दुपारचं जेवण तसंच ताटात आहे, आणि खरं काय ते मला माहीत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही.

तुम्ही दिवसभर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पुस्तकं बांधायचात आणि संध्याकाळी घरी येऊन परत पुस्तकंच बांधायचात. आपल्या पुढच्या खोलीतलं वाचनालय सहाला उघडायचं. त्याआधी तुम्ही स्वयंपाकघरात खळ शिजवायला उभे. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्या भांड्याच्या कानाला आईने तांबडा दोरा बांधून ठेवला होता, चुकून त्यात कोणी भाजी करू नये म्हणून, आणि खळ ढवळताना तुम्ही तिला रोज विचारायचात, आज तरी चव बघतेस का. ती रोज तेवढीच चिडायची. मला अजून त्या कोमट, पिठूळ वासाने घरी आल्यासारखं वाटतं. परवा एका दुकानात भिंतीला कागद चिकटवत होते, तिथे मी उगाच दहा मिनिटं उभी राहिले, माणसाने शेवटी विचारलं, मॅडम, काय हवंय.

चित्रकथांचे पातळ अंक तुम्ही तीन-तीन करून एका पुठ्ठ्यात बांधायचात. वर एक गाजलेला नायक, खाली एक गाजलेला नायक आणि मध्ये कोणीतरी बिचारा. हा मधला म्हणजे बहुतेक वेळा दमबंद. दिवसा नळदुरुस्ती करणारा, दम्याचा रोगी. श्वास रोखून धरला की तो कोणाला दिसत नाही, आणि दमा असल्यामुळे विसापर्यंत मोजेस्तोवरच रोखू शकतो. छापणाऱ्यांनी त्याचे चारच अंक काढले आणि गाशा गुंडाळला. मी नऊ वर्षांची. मला तो मधे बसलेला बघवायचा नाही. मी विचारलं, ह्याला नेहमी मध्ये का घालता? तुम्ही दाभणात दोरा ओवत म्हणालात, "अगं, एकट्याला त्याला कोणी हात लावत नाही. दोघांच्या मध्ये बसला की निदान घरोघर फिरून तरी येतो." हे तुमचं धोरण होतं. मला ते तेव्हा लबाडी वाटलं होतं. आता मी सिनेमा लिहिण्याच्या धंद्यात आहे आणि सांगते, तुमच्याइतकं प्रामाणिक धोरण मी अजून पाहिलेलं नाही.

त्याला एकट्याला मागणारा पहिला माणूस म्हणजे ठाकुर्लीचे मास्तर. निवृत्त झालेले, चित्रकला शिकवायचे, छत्री नेहमी काखेत. बाकीची मोठी माणसं चित्रकथा नेताना नातवासाठी म्हणून सांगायची. मास्तर सरळ स्वतःसाठी न्यायचे. ते एकदा तुम्हाला म्हणाले, तो मधला वेगळा बांधून द्या, बाकीच्या दोघांना मी उगाच वाहून नेतो. तुम्हाला एवढा आनंद झाला की तुम्ही त्याच रविवारी चार ठिकाणचे पुठ्ठे उसवलेत, दमबंदचे चारही अंक एकत्र शिवलेत आणि त्याला लाल कापडी पाठ लावलीत. लाल कापड तुम्ही शब्दकोशांसाठी राखून ठेवायचात. पहिले वाचक मास्तर. आठ दिवसांनी पुस्तक परत आलं, मास्तर खुशीत होते. पुढचा नंबर माझा.

मी पुस्तक मागून उघडलं, ही माझी खोड. चौथ्या अंकाच्या शेवटच्या पानामागे कूपन होतं. कापून पाठवा आणि दमबंद मित्रमंडळाचा पत्र्याचा बिल्ला मिळवा. मी आईची कात्री घेतली. गोष्ट वाचायची बाकी होती, पण बिल्ला आधी. कूपन कापून झाल्यावर पान उलटलं तेव्हा दिसलं की गोष्टीच्या शेवटच्या चार चौकटी त्याबरोबर गेल्या होत्या. छापणारे दुकान बंद करून बसलेत हे मला कुठे माहीत. कूपन मी तरीही पाठवलं. हे विशेष.

तुम्हाला ते कळलं तेव्हा आपण जेवत होतो. तुम्ही कोणावर ओरडला नाहीत. फक्त विचारलंत, हे कसं झालं असेल? आणि मी, भात कालवता कालवता, मान वर न करता म्हणाले, "मास्तरांकडून तसंच आलंय." तुम्ही "हो का" म्हणालात आणि ताक मागितलंत. पुढच्या आठवड्यात मास्तर आले तेव्हा मी दाराआड जाऊन उभी राहिले. तुम्ही त्यांना नवी आलेली कादंबरी, कोणी हात लावायच्या आधी, स्वतःहून काढून दिलीत. मला वाटलं, अप्पा भिडस्त आहेत. चार दिवसांनी लाल पुस्तकात शेवटी एक नवं पान चिकटलेलं होतं, तुमच्या अक्षरातलं.

ते पान मी किती वेळा वाचलं असेल याची गणती नाही. आणि मग विसरले. म्हणजे तुमचं अक्षर विसरले, शेवट नाही विसरले. चाळीस वर्षांत माझ्या डोक्याने त्या ओळींची चित्रं काढली, रंगवली, चौकटीत बसवली, आणि मी छातीठोकपणे धरून चालले की ती छापील होती. चाळीच्या चौकात गुंड उभे आहेत. त्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय, पण सांगायला कोणी पुढे येत नाही, सगळी दारं बंद. दमबंद श्वास रोखून चौकाच्या मधोमध उभा आहे, विसापर्यंत मोजून तो फाटकाबाहेर निघून जाऊ शकतो. तो जात नाही. तो श्वास सोडतो. सगळ्यांना दिसतो. खोकतो. म्हणतो, मी बघितलंय. मग वरच्या मजल्यावर एक दार उघडतं.

आमच्या निर्मात्याचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये आहे, तुमच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या सोडून, आता तिथे सगळ्या काचा आहेत. पोरगा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, घाईत असलेला. त्याने माझं लिखाण अर्ध्यावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, स्टोरी भारी आहे, पण ह्याला ओळखतं कोण? एखाद्या मोठ्या हिरोच्या पिक्चरमध्ये साइडला घेऊ ना त्याला." मला हसू आलं. त्याला मी तुमच्या पुठ्ठ्याची गोष्ट सांगितली, दोघांच्या मध्ये बसवलेल्या दमबंदची, आणि मग लाल कापडाची. नंतर शेवट वाचून दाखवला. त्याने अर्ध्यावर ठेवलेलं लिखाण परत उचललं. मग म्हणाला, हे कॉमिकमध्ये असंच आहे? मी हो म्हणाले. तो म्हणाला, मग एकटाच करू. या शेवटासाठी करू.

हक्क मूळ चित्रकाराकडे. ते कोपरीत राहतात, नव्वदीला टेकलेत, हात थरथरतो. मी बाड घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून सावकाश सगळं वाचलं, मध्ये दोनदा चहा झाला. शेवटचं पान खाली ठेवून म्हणाले, "बाई, हा शेवट माझा नाही." मी म्हटलं, असं कसं. ते म्हणाले, माझा दमबंद श्वास धरतो आणि निसटतो, पुढच्या अंकात गुंडांना पकडणार होतो मी, पुढचा अंकच निघाला नाही. हे तुम्ही कुठून आणलंत? मी म्हटलं, पुस्तक बघून सांगते. कोपरीहून डोंबिवलीला येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. करार व्हायचा होता, निर्माता त्या शेवटासाठी तयार झाला होता, आणि तो शेवट कोणाचाच नव्हता.

दुपारी तीनला माळ्यावर चढून मी लाल पुस्तक काढलं. शेवटचं पान उघडलं आणि तुमचं अक्षर समोर आलं, शाईचं, उजवीकडे झुकलेलं. मी माळ्यावरच बसले, अप्पा. पान हातात घेतलं तर एका बाजूने खळ सुटली. तुमची खळ सुटली याचंच मला आधी वाईट वाटलं. मागे कापलेलं पान होतं, मधे चौकोनी भोक, माझ्या कात्रीचं, कडा दातऱ्या. आणि त्या भोकातून मागच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं दिसत होतं. तुम्हाला सवयच होती, पुस्तकाला काय झालं ते आत बारीक लिहून ठेवायची, तुम्ही जेवायला बसलात की आई वाचनालय बघायची, तिला कळावं म्हणून. चहा सांडला. उंदीर. पाठ सुटली. इथे लिहिलं होतं: शेवटचं पान. घरचंच काम. मास्तरांना विचारू नये.

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि मला आत्ता कळलं की तुम्ही शेवट स्वतः का रचलात. चौथा अंक तुम्ही वाचलेला नव्हता, बांधणारा वाचत बसला तर बांधणार कधी, असं तुम्हीच म्हणायचात. दमबंद मन लावून वाचणारा, शेवट ज्याला विचारता आला असता असा एकच माणूस होता, मास्तर. त्यांना विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं की आपल्यावर संशय आहे. म्हणून विचारलं नाहीत. घरात दोन माणसं बसली असतील, तुम्ही आणि आई, मी झोपाळ्यावर असेन, आणि तुम्ही विचार करत असाल की नऊ वर्षांच्या खोटारड्या मुलीला न बोलता काय वाचायला द्यावं. मी बघितलंय, असं म्हणायला पुढे येणारा माणूस तुम्ही मला लिहून दिलात. मी तो शंभरदा वाचला आणि माझ्या डोक्यात काडीचा प्रकाश पडला नाही. तुम्ही परत कधी विषय काढला नाहीत. याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे आणि थोडी रागावलेलीही आहे. एकदा कान पिळला असतात तर चाळीस वर्षं वाचली असती.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन कोपरीला गेले आणि निर्मात्यालाही तिथेच बोलावलं. चित्रकारांनी भिंगातून तुमचं पान वाचलं. मग म्हणाले, मला हे सुचलं असतं तर पाचवा अंक निघाला असता. सही त्यांनी तिथेच केली, थरथरत, दोन मिनिटं लागली. निर्मात्याने विचारलं, टायटलमध्ये वडिलांचं नाव कसं टाकू? तुम्हाला नाव छापलेलं चाललं नसतं, तुम्ही कुठल्याच पुस्तकावर टाकत नव्हतात. तिथे आता एवढंच येतं: शेवट, डोंबिवलीच्या एका बाइंडरचा.

तर आता उद्या. गंमत सांगते, आमची जाहिरात थेटरात दोन मोठ्या सिनेमांच्या जाहिरातींच्या मध्ये दाखवतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तुमचा पुठ्ठाच दिसला. लोक येतील का? मला खरंच सांगता येत नाही. पण एक दिसतंय. पडद्यावर तो खोकतो आणि श्वास सोडतो तेव्हा संकलनाच्या खोलीत चहा देणारी बाई ट्रे धरून थांबली होती, आणि तिला दमबंद कोण हे कोणीही सांगितलेलं नव्हतं. मास्तरांनाही कोणी सांगितलं नव्हतं. पडला सिनेमा तरी मला तुमचं पान मोठं करून बघायला मिळालं, एवढं माझ्या पदरात आहे.

हे पत्र मी कुठे पाठवणार. त्या सुटलेल्या पानाच्या मागे, भोकावर ठेवीन आणि वरून पान पुन्हा चिकटवीन. सकाळी खळ शिजवलीय, मोरचूद मिळाला नाही.

आणि एक राहिलं. मुलाखतीत मला विचारतात, ते मूळ पान गेलं कसं? मी आजवर प्रत्येकाला सांगितलंय, उंदराने खाल्लं. काल पुन्हा तेच सांगितलं. अप्पा, बिल्ला आला होता, छापणाऱ्यांच्या बंद दुकानातून तो कोणी पाठवला कोण जाणे. कूपन पाठवल्यावर पाच महिन्यांनी, तुम्हीच पोस्टमनकडून पाकीट घेतलंत आणि न उघडता माझ्या दप्तरावर ठेवलंत. लावला तर पकडली जाईन म्हणून तो मी कधीच लावला नाही. उद्या बाराच्या खेळाला लावून जाणार आहे. कुठून मिळाला असं कोणी विचारलं तर खरं सांगेन. बहुतेक.