लाख लावलेलं बटण

२३ नोव्हेंबर १९७८, गुरुवार
रेडिओ बिघडला! नागपूर केंद्राचा बातमीवाला तोंडात पाणी धरून बोलतोय, असा आवाज. आई म्हणाली, "काहून खरखरते गा?"

स्टेशनचं बटण फिरवून बघता येत नाही. बाबा पोस्टात थैल्यांवर लाख लावायचे. नागपूर केंद्र एकदा नीट लागलं, तेव्हा त्यांनी या बटणालाही लाख लावली – कुणी हलवू नये म्हणून. वरून ओला अंगठा दाबला. त्याला नऊ वर्षं झाली, बाबांना जाऊन अकरा महिने. तो ठसा आहे तसा आहे. तो मोडता कामा नये.

२४ नोव्हेंबर
मागचा पुठ्ठा काढला. प्रत्येक व्हॉल्व्हचं नाव आणि जागा कागदावर उतरवून मगच पुसला. नववीपर्यंतचं इंग्रजी पुरलं. फरक नाही. मग एक स्क्रू अर्धा वेढा फिरवला – आवाज आणखी लांब गेला! तेवढाच मागे घेतला, तरी पहिल्यासारखा नाही. मी हे काय करून बसलो?

२५ नोव्हेंबर
महाल भागातल्या शालिकरामजींच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ नेला. ते हसले. "शाबास! पेशंट धडधाकट, अन् तू पोट फाडलं! सेटले काही नाही झालं गा. परवापासून डायलवर टेशनचीच जागा सरकली. किती दिवसांपासून रेडिओवरच सांगून राहिले!"

मी ऐकलं कसं नाही? मी शब्द ऐकतच नाही बहुतेक. नुसता आवाज – बाबा बाहेरच्या खोलीत बसलेत असं वाटतं, तेवढंच.

"बटण केसभर फिरव."

लाखेचं सांगितलं. ते वाकून ठसा बघू लागले. "मंग आतून टेशनच तुह्या बटणापाशी आणू." माझा बिघडलेला स्क्रू त्यांनी जुळवला आणि दुसऱ्या एका स्क्रूवर खडूने खूण केली. "हा घरी हळूहळू फिरव."

२६ नोव्हेंबर
स्वप्नात आमची सगळी नंदनवन वस्ती केसभर सरकली होती. आमची कडी कोयंड्यात बसेना. बाहेर बाबा, खाकी कपड्यांत, शांतपणे वाट बघत.

२७ नोव्हेंबर
लागलं!! श्वास धरून स्क्रू फिरवत गेलो. डायलच्या पिवळ्या उजेडात आवाज लांबून चालत यावा तसा आला आणि बरोबर बाबांच्या काट्यावर थांबला. लाखेला चराही नाही.

आई आली. ऐकलं. "बरं झालं," म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. मला वाटलं होतं, ती रडेल.

२८ नोव्हेंबर
कामावरून आलो तर रेडिओपुढे लाखेचा चुरा, शेजारी बत्ता. आई बटण फिरवत होती.

"नऊ वर्षं हात लावू नाही देल्ला तुह्या बापानं. मोडला तं मनात म्हटलं, सुटले. तू काहून दुरुस्त केला गा?" मग हळूच, "ते गाण्यांचं सिलोन कुठं लागते?"

अंगठ्याच्या ठशाचा तुकडा तिने माझ्यासाठी काडेपेटीत ठेवला होता.

मी तिला बँडचं बटण दाखवलं.