धाकटीचा प्रबंध

३ मार्च

धाकटीने पीएच.डी.चा प्रबंध सादर केला— आणि मला कळलं ते विद्यापीठाच्या मागच्या गेटवरच्या वॉचमनकडून! "बाई, अभिनंदन! बहीण डॉक्टर होणार की!" हसून वेळ मारून नेली.

बावीस वर्षं या गल्लीत मी लोकांचे प्रबंध बांधते. सख्ख्या बहिणीचा मात्र मोठ्या गेटसमोरच्या टकल्याने बांधला.

४ मार्च

विचारलं. ताटावरून मान वर न करता म्हणाली, "तुझ्याकडे दिला असता तर तू वाचला असतास, ताई."

मी? आजवर एकही वाचला नाही! पानं सारखी करायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा, पाठीवर सोनेरी नाव छापायचं. वाचायला सवड कुणाला?

७ मार्च

ग्रंथालयातल्या बाईंची फाटकी पुस्तकं मीच शिवून देते. त्यांनी ओळखीवर प्रत मिळवून दिली, कोपऱ्यात बसवलं.

विषय— विद्यापीठाभोवतीच्या वस्त्या. म्हणजे आमचीच गल्ली! झेरॉक्सवाला, खानावळवाली, पोरांना खोल्या देणारे कुरकुरे आजोबा— सगळे भेटले. दोनदा हसूही आलं. पोरगी किती फिरलीय, असं वाटून ऊर भरून आला.

मग चौथं प्रकरण. 'बाइंडिंग करणारी एक स्त्री.' नाव नाही. पण धाकट्या बहिणीसाठी अकरावीत शिक्षण सोडणारी इथे दुसरी कोण आहे? बाबांचं पिणं. माझं मोडलेलं लग्न. अंथरुणावर शेजारी पडून तिला सांगितलेलं सगळं छापलंय— तळटीपांसकट! आणि शेवटी: 'ही स्त्री आपल्या त्यागाची सतत आठवण देऊन बहिणीला जखडून ठेवते.'

जखडून! कुठून शोधलास गं हा शब्द?

८ मार्च

दुकान उघडलं नाही.

१० मार्च

बोलले. नको तेवढं बोलले. "तुझ्यासाठी जन्म जाळला, आणि तू माझं प्रकरण केलंस?"

ती शांतपणे म्हणाली, "बघ, हेच लिहिलंय मी."

बॅग भरली आणि गेली. मैत्रिणीच्या खोलीवर, विद्यापीठाच्या पलीकडच्या अंगाला.

१४ मार्च

चालत तिकडे गेले. सायकल दुरुस्तीवाल्यापाशी थांबून वर पाहत राहिले. गॅलरीत तिचा निळा कुर्ता वाळत होता— बाही पिळायची राहिली होती, पाणी टपटपत होतं. तिला पिळता कधी आलंच नाही. जिना चढायचा धीर झाला नाही. दुकानदार म्हणाला, "काय हवंय, बाई?"

१९ मार्च

एका मुलाचं नाव पाठीवर उलटं छापलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तो बिचारा म्हणाला, "असू दे, मावशी." पुठ्ठा उचकटून पुन्हा केला. डोळ्यांना दिसेना म्हणून दोनदा थांबले.

२१ मार्च

इथे तरी खरं लिहिते. नऊ वर्षांपूर्वी, आई गेली त्या उन्हाळ्यात, धाकटीला दूरच्या शहरातल्या विद्यापीठाचं पत्र आलं होतं. प्रवेश, राहणं, शिष्यवृत्ती— सगळं मिळालं होतं. आलं दुकानाच्या पत्त्यावर. मी वाचलं, आणि खळ शिजवायच्या शेगडीत टाकलं. ती महिनाभर वाट बघत होती. "नसेल झाली निवड," असं म्हणून मीच तिची समजूत काढली!

चौथ्या प्रकरणात हे नाही. बाकी ओळ न् ओळ खरी आहे.

उद्या जाऊन सांगणार.

२२ मार्च

सांगितलं. दारातच, चपला न काढता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनी दुसरं पत्र कॉलेजवर पाठवलं होतं."

"मग गेली का नाहीस?"

"आई नुकतीच गेली होती. तू जेवत नव्हतीस, ताई."