तांब्यावरचं भांडं

१८ ऑगस्ट २०२५, नांदेड

तांब्यावर पालथं घातलेलं पितळी भांडं थरथरलं की बारीक किणकिण होते. बत्तीस वर्षांपूर्वीचा तो नाद आज एसटीच्या खिडकीच्या खडखडीनं वाटभर आठवत राहिला. तरी मन प्रसन्न होतं. जळकोटची पत्र्याची खोली सोडून मी लेकाकडे, संगमेशकडे, कायमचा राहायला आलो. चौथ्या मजल्यावरचं कोरं घर, भिंतींना रंगाचा वास. गॅलरीला कठडा बसायचा राहिलाय, खाली सरळ रस्ता. म्हणून सूनबाई पुनमनं त्या दाराची वरची कडी घालून ठेवलीय. सात वर्षांची सृष्टी माझं बोट सोडत नाही. आबा, आता जाणार न्हाई ना, असं किती वेळा विचारलं तिनं. न्हाई म्हणालो.

म्हणालो खरा. पण किल्लारीच्या भूकंपापासून मी स्लॅबखाली झोपलेलो नाही. इथं झोप लागली तर हे घर माझं. नाही लागली तर पुन्हा ती पत्र्याची खोली, आणि मी एकटा.

२१ ऑगस्ट

डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी लिहून दिली आणि समुपदेशनाला बुद्धप्रिया मॅडमकडे धाडलं. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील. त्यांना सगळं सांगितलं. तेव्हा लहानसहान धक्के बसायचे, म्हणून कस्तुरा, माझी बायको, उशाशी तांब्यावर भांडं पालथं घालून निजायची. जमीन हलली की ते आधी बोलतं, म्हणायची. विसर्जनाच्या रात्री ते बोललं. कवीमहाराज, लेकराला घेऊन बाहेर व्हा, असं ती ओरडली. मी झोपलेल्या संगमेशला उचलून बाहेर झालो. तिच्यावर घर बसलं.

वर्गातल्या कविता मी घरीही घोळवायचो, म्हणून ती मला चिडवून कवीमहाराज म्हणे. पण फक्त दोघांत. चारचौघांत मी मास्तरच. ते नाव आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

तोच तांब्या मी आजवर उशाशी ठेवत आलो. मॅडम म्हणाल्या, तो आता दूर ठेवा. श्वास सावकाश घ्या. भीती आली तर बाहेर पळू नका. जागेवर बसा आणि जे ऐकू येतं, जे दिसतं, ते लिहीत राहा. हात चालू राहिला की मन जागेवर राहतं.

२६ ऑगस्ट

गोळीनं तोंडाला कोरड पडते, एरवी ठीक. श्वास आकड्यांत मोजणं जमेना, तेव्हा ओवीची चाल धरली. एका चरणात आत, एका चरणात बाहेर. मॅडम हसल्या, म्हणाल्या, चालेल की. मग पायाच्या बोटांपासून एकेक अवयव आवळायचा, सैल सोडायचा. सृष्टी शेजारी पडून नक्कल करते. आबा पुरीवानी फुगून राहिले, म्हणून आईला हाका मारते.

तांब्या-भांडं पुनमच्या हाती दिलं. तिनं जुन्या लुगड्यात बांधून माळ्यावर टाकलं. काल रात्रभर झोपलो. स्लॅबखाली! संगमेशनं सकाळी जिलेबी आणली. लेकाचे डोळे भरले होते. कांदा चिरला म्हणाला. कांदा घरात नव्हताच.

३० ऑगस्ट

दुपारी पडलो होतो. श्वास छान लयीत आला आणि किणकिण ऐकू आली. माळ्याकडून.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, शरीर जुने आवाज विसरत नाही. हाकलू नका. पाहुण्यासारखं येऊ द्या, बसू द्या, आपोआप जाईल. वाक्य आवडलं. पाहुणा हा माझा लाडका शब्द आहे.

२ सप्टेंबर

घाबराघुबरा असलो की आवाज येत नाही. शांत झालो की येतो. जितका शांत, तितका जवळ. आणि माझ्या दोन चरणांच्या मधे कुणीतरी श्वास घेतं.

संगमेश म्हणाला, गणपतीचे ढोल आहेत बाबा, आमच्या किचनमधलीबी भांडी वाजून राहिली. खरं आहे.

पण भर दुपारी ढोल कुठला?

४ सप्टेंबर

राहवलं नाही. संगमेशला गाठोडं खाली काढायला लावलं. लुगडं सोडलं. भांडं तांब्यावर पालथं घातलेलं होतं. पुनम शपथेवर सांगते, तिनं दोन्ही शेजारी आडवी ठेवली होती. माळ्यावर सृष्टीचा हात पोचत नाही.

पुन्हा बांधून ठेवलं. गोळी चुकलेली नाही. एकदाही नाही.

६ सप्टेंबर, दुपार

आज विसर्जन. संगमेश, पुनम मिरवणुकीला खाली गेलेत. मी म्हणालो, जा, मी आहे पोरीजवळ. तिला कणकण आहे, शेजारी झोपलीय.

ढोल. खिडकीची काच हलते. ठीक.

ढोल कोपऱ्यावरून वळले. काच थांबली. भांडं थांबलं नाही.

श्वास. एक चरण आत— एक बाहेर—

कुणीतरी दार वाजवतंय. उठून उघडलं. जिना रिकामा. परत येऊन बसलो. पळायचं नाही. लिहायचं.

पुन्हा वाजलं. हे ते दार नव्हे. आवाज गॅलरीकडून—

सृष्टी अंथरुणात नाही.

ती गॅलरीच्या दाराशी. स्टुलावर उभी. हात वर, कडीला. मला सांगतेय, आबा, भायेर एक आजी उभी हाय. म्हनते, कवीमहाराजाला घेऊन लवकर भायेर ये. विचारतेय, कवीमहाराज कोण—

तिकडं कठडाच नाही, खाली सरळ रस्ता. पेन हातातून सुटत नाही. पण ती हाक— त्या हाकेनं एकदा आम्हाला वाचवलं होतं. दाराच्या फटीतून हिरवं लुगडं— कस्तुरा आत येत नाही. स्लॅबखाली येणार नाहीच ती—

भांडं खाली पडलं.

सृष्टी, थांब— मी येतो— कडी—