रजा नामंजूर

मी, देवसिंग धावजी राठोड, वय ७३, नौदलातून लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त, राहणार दिग्रसजवळचा आमचा तांडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दडपण कोणाचे नाही. हंसाबाईचे आहे, पण ते लग्नापासूनचे असल्याने धरू नये.

१. घर व चार एकर शेत पत्नी हंसाबाईचे, तिच्यामागे मुलगी बबिताचे. धाकटा भाऊ बादल याने बांध दोन हात आत सरकवला आहे. तो तसाच राहू द्यावा. फक्त "मले माहीत होतं" एवढा निरोप त्याला द्यावा.

२. ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचे माझे पितळी यंत्र बबिताला. लहानपणी तिने त्याच्या नळीतून फुटलेला कापूस पाहिला आणि "बाबा, समुद्र!" म्हणून ओरडली होती.

३. माझी दुपारची झोप कोणाच्या नावे करता येत नाही, याचे वाईट वाटते. बाज डोलू लागते, शेतावर निळे पाणी चढते, आणि आमच्या वाडवडिलांचे मिठाच्या गोण्या लादलेले बैल त्या पाण्यावरून सावकाश चालत येतात. खूर भिजत नाहीत. मी त्यांच्यामागे चालत असतो. मग हंसाबाई हलवते, "उठा, चहा झाला. कुठी गेलते?" मी म्हणतो, "ड्यूटीवर."

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. १९८८ची होळी तोंडावर होती आणि आमचे जहाज कोचीहून निघणार होते. माझ्या हाताखालचा नाविक, बाभुळगावचा श्रावण गावंडे, 'आई सिरियस, ताबडतोब ये' अशी तार घेऊन आला. मी हसलो. तशाच तारेवर मी स्वतः तीनदा होळीची रजा काढली होती. तार बादल करायचा, आमची याडी ठणठणीत असायची आणि मी तांड्यात लेंगी गात नाचायचो. आमच्याकडच्या फौजींच्या आया होळीलाच आजारी पडत.

"लेका, मलेच शिकवून राह्यला का?" मी म्हणालो.

"साहेब, तुम्ही आपल्या इकडचे, म्हणून तुमच्यापाशी आलो," तो म्हणाला.

मी अर्जावर 'नामंजूर' लिहिले. अठरा दिवसांनी बंदराला लागलो, तर दुसरी तार येऊन पडली होती. त्याची आई गेली होती. श्रावणने मला सॅल्यूट केला आणि कामाला गेला. पुढे मला बढती मिळाली. मला लाज वाटते. आजही वाटते.

५. श्रावणला काही ठेवलेले नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला देऊ नये. आणि देण्याजोगे माझ्याजवळ आहे तरी काय? त्याने यावे, हे वाचावे, मनाला पटले तर साक्षीदार म्हणून सही करावी. न केल्यास कोणी त्याला बोल लावू नये.

दुरुस्ती. श्रावण आज आला. चहा घेतला नाही. उभ्यानेच सगळे वाचले आणि चौथ्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, सगळ्यायची नावं हायेत. बांध सरकवला त्याचंही हाये. माह्या मायचं काहून नाही?"

मला ते माहीत नव्हते. छत्तीस वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते.

तरी कलम ४ मध्ये 'त्याची आई' असे लिहिले आहे, तेथे 'कौसल्या वामनराव गावंडे' असे वाचावे. नाव त्याने सांगितले, मी लिहिले, त्याने तपासले.

ठिकाण: दिग्रस. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४.

लिहून देणार: देवसिंग धावजी राठोड (सही)

साक्षीदार:
१. बाबुलाल शाम चव्हाण, दिग्रस (सही)
२. श्रावण वामनराव गावंडे, बाभुळगाव (सही)