फ्रीजवरचा एकडोळ्या

२ जानेवारी २००७
नव्या वर्षाचे संकल्प. खोटं बोलायचं नाही. कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही. रोज पहाटे जप. चहा एकदाच.
(चहा दोनदा झाला. पण दुसरा शेठनी पाजला.)

४ जानेवारी, गुरुवार
उपास.
पूर्णा गावातल्या गोडाउनात एक खोका वरून पडून फाटला. आत फ्रीजला चिकटवायची चुंबकं. प्रत्येकावर जुन्या इंग्रजी सिनेमाचं पोस्टर. शहरावर उतरणाऱ्या तबकड्या, बेशुद्ध मडमेला उचलून निघालेला लोखंडी माणूस, आणि एक हिरवा प्राणी. त्याला कपाळभर एकच डोळा.
लहानपणी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. आबा आत जाऊ देत नसत. मी बाहेरचं पोस्टर बघत उभा राहायचो आणि आतली गोष्ट मनात जुळवायचो. तेच रंग.
फाटक्या खोक्यातला माल बाजूला ठेवायचा, पार्टीचा, म्हणजे ज्याचा माल त्याचा, माणूस येऊन मोजतो, असा नियम आहे. त्यातला एक डबा मी जेवणाच्या पिशवीत ठेवला. गोडाउनात उंदीर फार. सुरक्षित राहावा म्हणून.
गेटवर हमालांची झडती होते. माझी होत नाही, गळ्यात तुळशीची माळ आहे. वॉचमन नामा म्हणाला, राम कृष्ण हरी बुवा. मीही म्हणालो. आवाज बारीक आला. उपासामुळे असेल.

५ जानेवारी
डबा उद्या परत ठेवायचा. नक्की.

६ जानेवारी
राहिला. पिशवीत भाकरी होती. अन्नाशेजारी राक्षसांची चित्रं ठेवणं मनाला पटेना. सोमवारी.

८ जानेवारी
आलेला माल ठीक आहे ना हे पाहणं माझं कामच आहे. म्हणून एक चुंबक, तो एकडोळ्या, घरच्या फ्रीजला लावून पाहिला. घट्ट बसला. दिवाळीत घेतलेला सेकंडहँड फ्रीज, पण आता नवा वाटतो. फक्त दूध काढायला गेलं की तो बघतो. मी त्याला फ्रीजच्या बाजूला, भिंतीकडे सरकवलं. कमळानं परत पुढे आणलं. कुठून आणलंत, म्हणाली. कामावरून, म्हणालो. यात खोटं काही नाही.
बाकीचा डबा तांदळाच्या पिंपामागे.

१० जानेवारी
पार्टीचा माणूस आला. एक डबा कमी भरला. फाटका खोका उचलला होता चिंधू हमालानं, म्हणून त्याचं नाव आलं.
गोडाउन चांगदेव शेठच्या जमिनीवर आहे, हमालही तेच ठेवतात. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बुवा, तुमी खरं सांगाल. चिंधू कसा हाय?"
मी म्हणालो, माणूस चांगला आहे, पण.
'पण'च्या पुढे मी एक अक्षर बोललो नाही, देव साक्षी आहे. उरलेलं शेठनी स्वतःच समजून घेतलं. डबा सापडेपर्यंत चिंधूनं कामावर यायचं नाही.

११ जानेवारी, गुरुवार
उपास. आज फक्त पाण्यावर. चिंधूसाठी जादा जप.
दुपारी मार्ग सुचला. डबा पिशवीतून न्यायचा, रॅकखाली सरकवायचा आणि चारचौघांत म्हणायचं, अरे, हा काय इथे. त्यात एक चुंबक कमी असेल. ते उंदरांनी नेलं.

१३ जानेवारी
आत जाताना झडती होत नाही. पण नेमकी आज झाली असती तर? संक्रांत होऊन जाऊ दे. गोड बोलण्याचे दिवस सुरू झाले की सगळं सोपं जाईल.
चिंधू सकाळी नाक्यावर काम शोधत उभा दिसला. मी रस्ता बदलला. त्याला संकोच वाटू नये म्हणून.

१६ जानेवारी, संध्याकाळ
डबा परत ठेवायला उद्याचा दिवस ठरवून घरी आलो, तर कमळाचं हळदीकुंकू. दारात चपलाच चपला. बायका तिळगूळ घेऊन बाहेर पडत होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक चुंबक.
कमळानं वाण म्हणून सगळा डबा लुटला. म्हणाली, "दरवर्षी वाणाचं सांगून माझा जीव जातो. औंदा न सांगता आणलंत, वर लपवून ठेवलंत." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. शेठच्या राहीबाईसुद्धा आल्या होत्या. त्यांना लोखंडी माणूस मिळाला. चिंधूच्या बायकोला, चंद्राला, तबकड्या.
कमळा एवढी खूश मी लग्नानंतर पाहिली नव्हती. हे पुण्यही कुठेतरी जमा होत असेलच.

१८ जानेवारी, गुरुवार
उपास. चुंबकं गोळा करायला निघालो. पहिल्याच घरी सांगितलं की चुंबकांनी फ्रीजचा गॅस उडतो. शेजारची आक्का म्हणाली, "आमच्याकडं फ्रीजच न्हाय बुवा, कपाटाला लावलंय. कपाटाचा बी उडतो काय?" सगळ्या हसल्या. वाण परत मागतात का कोणी, असंही म्हणाली.
एकही मिळालं नाही. उपास सोडताना दोन घास जास्त गेले.

२० जानेवारी
निदान चिंधूच्या घरचं तरी काढून आणावं म्हणून तिळगुळाच्या निमित्तानं गेलो. पत्र्याच्या दारावर तबकड्या, खाली लाइटचं बिल दाबलेलं. चंद्रानं बिनदुधाचा चहा दिला.
चिंधू मला नळापाशी घेऊन गेला. म्हणाला, "बुवा, त्या दिशी मी तुमच्या मागंच व्हतो. डबा पिशवीत घालताना बघितला. म्हनलं बुवांच्या मनात काय तरी असंल."
शेठना का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाला, "माझ्या गळ्यात काय हाय म्हनून शेठ इस्वास ठेवतील?"
मग म्हणाला, "दारावर त्येच लावलंय चंद्रानं. तिला ठावं न्हाय. कोनी बघितलं तर चोर मीच. तुमी कवा सांगता?"
उद्या, म्हणालो.
निघताना चंद्रानं हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला, म्हणाली.

२१ जानेवारी
शेठ काल्हेरला गेले होते.

२२ जानेवारी
शेठ होते. पण जेवत होते.

२३ जानेवारी
जेवून झोपले होते. झोपलेल्याला उठवून वाईट बातमी देणं हीसुद्धा हिंसाच.

२४ जानेवारी
राहीबाईंचं हळदीकुंकू. कमळाबरोबर गेलो, सांगायचंच असं ठरवून. बायका आतल्या खोलीत, मी आणि शेठ बाहेर. समोर भला मोठा फ्रीज, त्यावर लोखंडी माणूस मडमेला घेऊन उभा.
चहा झाला की बोलायचं ठरवलं. चहा झाला. आंब्याच्या मोहोराबद्दल बोललो. रस्त्यावरच्या ट्रकांबद्दल बोललो. शेठनीच विषय काढला. म्हणाले, पार्टी लय बोंबलतेय, जुन्या इंग्रजी पिच्चरची चित्रं म्हनं, कसली असतात कोन जाने.
कमळा कुंकू लावून बाहेर येत होती. थांबली. फ्रीजकडे बोट करून म्हणाली, "ही काय, अशीच ना? आमच्या यांनी आणली ना कामावरून, डबा भरून."
किती कौतुकानं म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि पदर नीट केला.
मी बोलणारच होतो. तोंडात तिळाचा लाडू होता.
शेठनी एकदा फ्रीजकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "चिंधूला सांगा, उद्यापासनं ये म्हनावं."
सांगायला कमळा गेली. मला घरी जा म्हणाली.

२७ जानेवारी
गेटवर आता सगळ्यांची झडती. मीही रांगेत. चिंधू म्हणाला, "या बुवा, माझ्या फुढं उभं ऱ्हावा." मी मागेच थांबलो, नम्रता म्हणून. नामानं डबा उघडला, भेंडीची भाजी चमच्यानं हलवून पाहिली, झाकण लावलं, आणि मग म्हणाला, राम कृष्ण हरी.
चिंधूची माफी मागायची आहे. गुरुवारी. उपास असतो, मन शुद्ध असतं.
कमळा तीन दिवस बोललेली नाही. घसा बसला असावा.
आज पहाटे जपाला बसलो तर एकडोळ्या फ्रीजवर नव्हता. देव्हाऱ्याशेजारच्या लोखंडी कपाटावर होता, माझ्या पाटाच्या बरोबर समोर. कमळानंच हलवला. कपाट ओकंबोकं दिसत होतं म्हणून असेल.