फुल-फ्रेम येईपर्यंत

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. संकल्प एकच. यंदा फोटोग्राफीकडं गांभीर्यानं बघायचं. आडत दुकान पोटासाठी, कॅमेरा आत्म्यासाठी. कळंबच्या मोंढ्यात आत्मा असलेला आडत्या मी एकटाच असावा.

माझ्या फोटोंत काहीतरी कमी आहे हे बरेच दिवस जाणवत होतं. काल एक व्हिडिओ बघताना उलगडा झाला. दोष माझा नाही. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे. क्रॉप-सेन्सर. म्हणजे समोर जे असतं त्याच्या कडा तो कापतो आणि मधलं तेवढं देतो. मोठा सेन्सर म्हणजे फुल-फ्रेम. तो सगळं देतो. इतकी वर्षं मी अर्ध्या डोळ्यानं जग बघत होतो!

शिवप्रियाला सांगितलं. म्हणाली, "मग दुसरा अर्धा उघडा आणि दुकानाकडं बघा. तूर यायला लागलीय."

३ जानेवारी

निर्णय झाला. फुल-फ्रेम घ्यायचा. किंमत इथं लिहीत नाही. शिवप्रियाला अजून चष्मा लागलेला नाही.

४ जानेवारी, सकाळ

निर्णय रद्द. फुल-फ्रेमला लेन्सही मोठ्या लागतात म्हणे. वजन वाढतं. माझी मान आधीच धरते. शिवाय खरा कलाकार साधनावर अवलंबून नसतो.

संध्याकाळ

पण साधन चांगलं मिळालं तर खऱ्या कलाकाराचं बिघडतं काय? निर्णय रद्द केल्याचा निर्णय रद्द.

८ जानेवारी

आण्णासाहेब नावाचे शेतकरी शिराढोणहून तूर घेऊन आले. ढीग घातला आणि त्यावर असं तिरपं ऊन पडलं की मला राहवेना. कल्पना अशी होती: ढिगातला एकच दाणा स्पष्ट, बाकी सगळं धूसर. मी पोटावर झोपलो. आण्णासाहेब म्हणाले, "शेठ, आधी माप करता का? गाडीवाला थांबलाय." मी म्हणालो, ऊन थांबत नसतं. तेही थांबले नाहीत. माल उचलून शेजारच्या आडतीवर नेला.

कलेपायी गिऱ्हाईक सोडायला काळीज लागतं.

फोटो घरी मोठा करून बघितला. दाणा धूसर. ढीगही धूसर. शेजारच्या आडतीची पाटी मात्र फोन नंबरासकट स्पष्ट. सेन्सरचा दोष.

११ जानेवारी, रविवार. सास्तूर

सासुरवाडीला आलो. सासरे कोंडीराममामा आणि सासूबाई तुळजामामी यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. नक्की तारीख कुणालाच माहीत नाही. मामा म्हणतात, दुष्काळानंतर तीन वर्षांनी. मामी म्हणतात, चार. पण पन्नास झाली यावर दोघांचं एकमत आहे. एवढ्या वर्षांतलं पहिलंच असावं.

दोघांचा जोडीनं फोटो नाही. लग्नातला एक होता, तो भूकंपात घराबरोबर गेला. त्यानंतर कुणी काढला नाही. मामींचा आधार कार्डावरचा आहे. त्यात त्या रागावलेल्या दिसतात. मुळात त्या तशाच आहेत असं माझं मत, पण शिवप्रियाला ते पटत नाही. वाटेत गाडीत ती एवढंच म्हणाली, "आईदादांचा एक बरा फोटो काढा. मला दुसरं काही नको."

एक बरा! माझ्याकडून!

घरात खिडकीचा उजेड सुंदर होता. दोघांना पलंगावर बसवलं. मामांचा फेटा घेतला की मामींचे पाय जात. मामींचे पाय घेतले की मामांचा फेटा. मी मागं सरकलो. अजून सरकलो. उंबरा लागला, तो ओलांडून अजून सरकलो आणि म्हशीच्या पाण्याच्या टाकीत बसलो. कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरला होता. मी भिजलो, तो कोरडा राहिला. ही निष्ठा बघायला फक्त म्हैस होती.

कपडे बदलून सगळ्यांना शांतपणे समजावलं. हा क्रॉप कॅमेरा आहे, कडा कापतो. पन्नास वर्षांचा संसार यात मावायचा नाही. फुल-फ्रेम येईपर्यंत थांबू.

मामा म्हणाले, "क्रॉप म्हंजी पीकच की, जावईबापू. विम्याच्या कागदावर लिव्हलेलं असतंय. शेतकऱ्याचा फोटू काढायला पिकाचाच कॅमेरा पायजे, दुसरा कशाला?"

मामी म्हणाल्या, "फुल फ्रेम म्हंजी चारी बाजूंनी सोनेरी पट्टी असती ती व्हय? लोहाऱ्याच्या बाजारात मिळतीया. सांगायचं तर हुतं, आणून ठिवली असती."

शिवप्रिया येताना गाडीत बोलली नाही. बहुधा कॅमेऱ्याचाच विचार करत असावी.

१५ जानेवारी

संक्रांतीचा फोन मेहुण्याचा. रणधीर, पुण्याला असतो. विचारत होता, "दाजी, आईदादांचा फोटो पाठवा ना." म्हणालो, तांत्रिक तयारी चालू आहे. तो म्हणाला, "तयारी कसली? दोघं तर बसूनच असतात." पुण्यात राहून माणूस संयम विसरतो.

१९ जानेवारी

आज खूप अभ्यास केला. चौदा व्हिडिओ. सात जण म्हणतात घ्या, सात म्हणतात नका घेऊ. उद्या पंधरावा बघून निर्णय.

दुकानात शिवप्रिया बसली होती. तूर चांगली आली म्हणे.

२० जानेवारी

पंधराव्यानं सांगितलं, निर्णय तुमचा तुम्ही घ्या. काय माणसं असतात!

२४ जानेवारी

मोठी बातमी! आरिफकडं फुल-फ्रेम आहे. आरिफ म्हणजे बस स्टँडच्या मागं स्टुडिओ असलेला माझा शाळेतला दोस्त. लग्नांचे फोटो काढतो. मी त्याला कलाकार मानत नाही, पण ते त्याला सांगितलेलं नाही.

म्हणाला, "उत्तरेश्वर, उद्या माझ्याकडं ऑर्डर न्हाय. घेऊन जा, वापरून बघ. उगं डोस्क्याला ताप नको. लेन्स मात्र लग्नाला दिल्यात, तुझीच लाव."

हातात घेतला. छातीत धडधडलं. शिवप्रियाचा हात पहिल्यांदा धरला तेव्हा इतकं झालं नव्हतं. (हे वाक्य खोडायचं.)

२५ जानेवारी, रविवार. सास्तूर

आज मी काय बघितलं ते शब्दांत सांगणं कठीण. माझीच जुनी लेन्स, पण फुल-फ्रेमवर लावल्याबरोबर तिचा जणू पुनर्जन्म झाला. भिंतीचा फोटो काढला. भिंत अशी की बोट लावावं. गोठ्याचा काढला. म्हशीच्या मागं हवा दिसते! मध्ये पोकळी जाणवते! क्रॉपमध्ये ही खोली जन्मात आली नसती. रणधीरला, आरिफला, मोंढ्यातल्या ग्रुपला ताबडतोब कळवलं: ज्यानं फुल-फ्रेम बघितला नाही त्यानं म्हैस बघितली नाही.

मामा-मामी सकाळपासून तयार होते. मामांनी लग्नघरी बांधतात तसा फेटा बांधलेला. मामी हिरव्या लुगड्यात. नथ शेजारच्या इरम्माकडून मागून आणलेली. पलंगावर बसवलं आणि इथं एक गूढ प्रकार घडला. मामांचा फेटा घेतला की मामींचे पाय गेले. अगदी मागच्यासारखेच.

मला वाटतं फुल-फ्रेमलाही पेलवणार नाही एवढी मामांची उंची आहे.

मग ठरवलं, संध्याकाळचं सोनेरी ऊन आलं की अंगणात काढू, तिथं मागं सरकायला जागा आहे. (टाकी झाकून घेतली.) तोवर सराव म्हणून भिंत, चूल, कोंबडी, परत भिंत. सोनेरी ऊन आलं. मामा-मामी खुर्च्यांवर बसले. मी डोळा लावला. काळोख. बॅटरी संपलेली. चार्जर आरिफच्या स्टुडिओत.

मामी उठल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. नथीनं नाक दुखाया लागलंय." मामा फेटा सोडून धार काढायला गेले.

शिवप्रिया इरम्माची नथ परत द्यायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. चुलीचा धूर असेल.

२६ जानेवारी

झेंडावंदन. मग आरिफकडं कॅमेरा परत केला आणि सांगितलं, निर्णय पक्का, घेणार. बॅटरी चार्ज करून कालचे फोटो पुरावा म्हणून दाखवले. त्यानं म्हैस बघितली. मग कॅमेऱ्याचा मेनू बघितला. मग खुर्चीत बसून इतका हसला की बाहेर पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

माझी लेन्स क्रॉप कॅमेऱ्याची आहे. ती फुल-फ्रेमवर लावली की तो कॅमेरा आपोआप क्रॉपसारखाच कडा कापून फोटो काढतो. म्हणजे काल दिवसभर मी फुल-फ्रेम हातात धरून क्रॉपमध्येच फोटो काढत होतो.

"मग ती म्हशीमागची हवा?" मी विचारलं.

"ती तुझ्या डोस्क्यातली," आरिफ म्हणाला.

घरी येऊन शांतपणे विचार केला. याचा अर्थ उलट आशादायक आहे. क्रॉपमध्येही मला फुल-फ्रेम दिसला. नजरच मोठी असेल तर सेन्सर काय करणार! निर्णय: घ्यायचा नाही.

संध्याकाळ

किंवा घ्यायचा, लेन्ससकट.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मामांचा फोन. एसटीनं तुळजापूरला आलो होतो, दर्शन झालं, आता परत निघालोय. मी विचारलं, मध्येच कसं काय? म्हणाले, "तुमच्या मामीनं बोल लावला. फेटा बांधला, लुगडं नेसलं, सगळं वाया गेलं. मग म्हटलं, चल, आईला तरी दाखवून येऊ."

विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार. सास्तूर

भिंतीवर फोटो. सोनेरी पट्टीत.

देवळाजवळच्या एका फोटोवाल्यानं काढला. मामा सांगत होते, उभं केलं, काढला, चहा पिऊन होईस्तोवर हातात दिला. मी जवळ जाऊन परीक्षण केलं. मागं भवानीआई, तिच्या मागं डोंगर, बाजूला कारंजं आणि दोन हंस. मामा-मामींचे पाय ढगात. उजेड डावीकडून, सावली पण डावीकडंच. मामांच्या फेट्याभोवती कात्रीनं कापल्यासारखी पांढरी कड. तांत्रिकदृष्ट्या बोलण्यासारखं काहीच नाही.

फक्त मामी हसत होत्या. चांगलं दात दिसेपर्यंत. आणि मामा कॅमेऱ्याकडं न बघता त्यांच्याकडं बघत होते.

मी विचारलं, हसल्या कशा? मामा म्हणाले, "त्यो म्हणाला, आजोबा, आज्जीला जरा जवळ घ्या, पळून थोडीच चाललीय. तर ही म्हणाली, पन्नास वर्षांत जमलं न्हाय, आता कुठं पळू?" मामा हे सांगत असताना मामी परत हसल्या. समोर. माझ्याकडं कॅमेरा होता, पण तो बॅगेत होता आणि बॅग गाडीत.

शिवप्रिया फोटोसमोर उभी राहिली ती हलेचना. मग पदरानं डोळे पुसले. तिथं चूल नव्हती, हे मी बघितलं.

मी म्हणालो, "कड जरा पांढरी आलीय." ती म्हणाली, "अहो, आज नका बोलू." मी गप्प बसलो. हे इथं मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर कुणी विश्वास ठेवणार नाही.

१० फेब्रुवारी

रणधीरला फोटो हवाय. मामा भिंतीवरून काढून द्यायला तयार नाहीत. म्हणून परवा निघण्याआधी मीच त्या फोटोचा फोटो काढून आणला होता. काचेत मी दिसत होतो म्हणून काच पुसली, तिरपी केली, शेवटी इरम्माचं घोंगडं डोक्यावर घेऊन काढला. आज घरच्या ग्रुपवर टाकला.

दुपारपासून फोन थांबेना. लई भारी. जबरदस्त. दाजी, मानलं. इतकी वर्षं मी सूर्यास्त, थेंब, तूर टाकतोय. एक अंगठासुद्धा आला नव्हता. सगळ्यांना नम्रपणे आभार लिहिले. फोटो कुणी काढला हे कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी शिवप्रियानं ग्रुपवर तुळजापूरच्या फोटोवाल्याचा नंबर टाकला. आभार परत घेता येतात का, शोधतोय.

१२ फेब्रुवारी

मामांचा फोन. "जावईबापू, जित्या माणसाचा तुमाला जमत न्हाय, पर फोटूचा फोटू लई झ्याक जमतोय. त्यो हलत न्हाय ना."

सास्तुरात ही बातमी पसरलीय. इरम्मानं आणि आजूबाजूच्यांनी भिंतीवरचे जुने फोटो उतरवून, जळमटं झाडून तयार ठेवलेत. पोरं पुण्या-मुंबईला असतात, त्यांना पाठवायचेत. रविवारी बोलावलंय. मला वाटतं यासाठी फुल-फ्रेम लागेल. आरिफला विचारलं, म्हणाला, लागत न्हाय.

शिवप्रियानं कॅमेऱ्याच्या बॅगेत काचा पुसायला जुनं फडकं घालून ठेवलंय.